आघातांक सात

हेमांगी बिरवटकरचा आघातांक सात आला, तेव्हा पट्टा बांधणाऱ्या परिचारिकेला वाटलं, यंत्रच बिघडलं. तिने पट्टा सोडला, हेमांगीचं ओलं मनगट टॉवेलने कोरडं केलं आणि पुन्हा बांधला. पुन्हा सातच.

आंबेळीच्या जेटीवरच्या पत्र्याच्या शेडमध्ये त्या दुपारी त्रेपन्न माणसं बसली होती. कोणाचे दात वाजत होते. एक बाई मधूनच हसत होती आणि आपण हसतोय हे लक्षात आल्यावर तोंडावर पदर धरत होती. एका धडधाकट माणसाला स्वतःचं आडनाव आठवत नव्हतं. या सगळ्यांचे आकडे साठ, बहात्तर, अठ्ठ्याऐंशी असे येत होते. हेमांगी तेवढी ओल्या लाइफ जॅकेटांच्या ढिगापाशी बसून एकेक जॅकेट झटकत होती, त्याचे बंद आत दुमडत होती आणि दहा-दहाच्या थप्प्या लावत होती. हे काम तिला कोणी सांगितलेलं नव्हतं. समोर खाडीच्या मध्यावर तिची फेरीबोट अजून धुमसत होती, आणि तिच्या धाकट्या बहिणीचा नवरा पराग त्या बोटीत राहिला होता.

कोणीतरी तिचं मोबाइलवर चित्रण केलं. संध्याकाळपर्यंत ते खाडीच्या दोन्ही काठांवर पोचलं.

आंबेळी आणि तुरवडे ही खाडीच्या दोन तीरांवरची गावं. रस्त्याने गेलं तर पन्नास किलोमीटरचा वळसा, फेरीबोटीने बारा मिनिटं. तीन वर्षांपूर्वी डिझेलची जुनी बोट जाऊन विजेवर चालणारी नवी आली. तिच्या पोटात लोखंडी दाराची एक खोली होती आणि त्या खोलीत माणसाच्या उंचीची बॅटऱ्यांची कपाटं होती. हेमांगी डेकप्रमुख होती. गाड्या कुठे लावायच्या, माणसं कुठे बसवायची, फळी कधी टाकायची हे सगळं तिच्याकडे. पराग मयेकर बॅटऱ्यांचा तंत्रज्ञ. त्या दिवशी तीन वाजून चाळीस मिनिटांनी एका कपाटाने पेट घेतला. भोंगा वाजला. अशा वेळी खोलीचं दार बाहेरून बंद करायचं, म्हणजे आत विझवणारा वायू सुटतो आणि आग वर येत नाही, असा नियम होता. दार बंद झालं. तोवर धूर मात्र वर आला होता. गाडीत बसलेलं एक म्हातारं जोडपं गुदमरून गेलं, एक टेम्पोवाला पाण्यात उडी मारून बुडाला, आणि पराग दाराआड गेला. सत्तावन्नपैकी चार.

दार हेमांगीने लावलं होतं.

आघातांक ही तेव्हा नवलाची गोष्ट राहिली नव्हती. मोठी दुर्घटना झाली की आपत्ती पथक औषधांच्या पेट्यांबरोबर हे पट्टेही घेऊन येई. जबर धक्क्यानंतर पहिले काही तास, फार तर पहिले काही दिवस, माणसाचं शरीर त्याचं ऐकत नाही. काळीज धडधडतं, तळहात घामेजतात, आवाज कापतो, साधं भांडं पडलं तरी दचकायला होतं. बहुतेकांचं हे आपोआप ओसरतं. काहींचं ओसरत नाही, आणि त्यातून वर्षानुवर्षं छळणारा आजार उभा राहतो. अशी माणसं पहिल्याच दिवशी हेरता आली तर वेळेवर उपचार करता येतील, या चांगल्या हेतूने कोणीतरी हा पट्टा बनवला होता. तो ठोके, घाम, श्वास आणि आवाजातला कंप मोजायचा आणि शून्य ते शंभरमधला एक आकडा द्यायचा.

मग एका शहरात गोदामाला आग लागली. मालक वाचला, त्याचा आकडा नऊ आला. पुढे कळलं की आग त्यानेच लावली होती. होणार ते आधीच ठाऊक असल्यामुळे त्याला धक्का बसलाच नव्हता. तो खटला गाजला आणि तेव्हापासून पोलीसही हे आकडे मागायला लागले. डॉक्टर यादी वरून खाली वाचत, पोलीस खालून वर.

आंबेळीच्या यादीत सर्वांत खाली हेमांगीचं नाव होतं.

निरीक्षक गोडांबे आवाज चढवणाऱ्यांतले नव्हते. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी तिला चहा पाजला, खुर्ची दिली आणि टेबलावर एक छायाचित्र ठेवलं. एका प्रवाशाने मुलीचा फोटो काढला होता, त्यात मागे हेमांगी बॅटरीखोलीच्या जिन्याकडे जाताना दिसत होती.

"हा भोंग्याच्या चार मिनिटं आधीचा आहे," ते म्हणाले. "जिन्याकडे काय काम होतं?"

"फेरी मारते मी. प्रत्येक खेपेला. जिन्यावर कोणी बसलंय का बघायला."

"बरोबर. तसं तुमच्या कामात लिहिलेलंही आहे." त्यांनी छायाचित्र सरळ केलं. "आणि दार लावलं तेव्हा पराग आत आहे, हे माहीत होतं?"

"आठवत नाही."

"माहीत नव्हतं, की आठवत नाही?"

हेमांगीने खरंच विचार केला. भोंगा आठवत होता. जिन्याच्या पायऱ्या उतरल्याचं आठवत होतं. नंतर एकदम ती वर होती आणि लोकांना जॅकेटं देत होती. मधलं पान कोणी अलगद फाडून न्यावं तसं झालं होतं.

"आठवत नाही," ती पुन्हा म्हणाली. आवाज अगदी सपाट होता. तो सपाटपणा तिचा तिलाच खटकला.

"बाई, मी एकवीस वर्षं माणसं बघतोय," गोडांबे म्हणाले. "घरातलं माणूस गेलेलं असताना इतकं शांत बसलेलं कोणी बघितलं नाही. तुमचं कुणाशी काही वाकडं होतं का? कंपनीशी? परागशी?"

"नाही."

"ठीक आहे. गाव सोडू नका."

फेरीबोट चालवणाऱ्या कंपनीला हा सात फार सोयीचा होता. एका बाईने काहीतरी केलं असं ठरलं, की कपाटातल्या बॅटऱ्या कुठल्या आणि किती जुन्या होत्या हे कोणी विचारणार नव्हतं. व्यवस्थापकाने तिला घरी बसायला सांगितलं, चौकशीला सहकार्य करू असं वर्तमानपत्राला सांगितलं, आणि तिचं नाव न घेता तिच्याबद्दल पुरेसं सांगितलं. मासळीबाजारात हेमांगी गेली की बायकांचे आवाज खाली यायचे. कोणी तिला टाकून बोललं नाही. सुरमई कापून देताना नजर मात्र तिच्या हातांवर असायची, थरथरतायत का बघायला.

तिसऱ्या दिवशी ती तुरवड्याला ऋजुताकडे गेली. फेरी बंद असल्यामुळे पन्नास किलोमीटरचा वळसा घालून, पिठलं-भाताचा डबा घेऊन. ऋजुता तिच्यापेक्षा सात वर्षांनी लहान, तुरवड्याच्या पोस्टात कारकून. आई गेल्यावर हेमांगीनेच तिचं शिक्षण केलं होतं, परागचं स्थळही तिनेच जुन्या बोटीवर हेरलं होतं. घरात शेजारणी होत्या. त्या उठून आतल्या खोलीत गेल्या.

ऋजुता भिंतीला टेकून बसली होती. डोळे सुजलेले, आवाज बसलेला.

"दारापासून चार पावलांवर सापडला तो," ती म्हणाली. "तुला सांगितलं कोणी?"

"सांगितलं."

"तू रडलीस का गं, ताई?"

"येत नाहीये रडू."

"दार तू लावलंस?"

"बोटीच्या नोंदीत तसंच आहे."

"नोंद मी पण वाचली. मी तुला विचारतेय. तो आत आहे हे तुला माहीत होतं का?"

"ऋजू, मला ते आठवत नाही."

ऋजुताने तिच्याकडे निरखून पाहिलं. लहानपणी हेमांगी खोटं बोलली की ऋजुताला लगेच कळायचं. आता तिला काहीच कळत नव्हतं, आणि ते न कळणंच तिला जास्त भीतीदायक वाटत होतं.

"डबा घेऊन जा," ती अखेर म्हणाली. "तुझ्या हातचं आज जाणार नाही मला."

घरी निशिकांत वेगळ्याच काळजीत होता. हेमांगीचा नवरा आंबेळीच्या शाळेत गणित शिकवायचा आणि आकड्यांवर त्याचा विश्वास होता. सातव्या दिवशी पट्ट्याची दुसरी मोजणी होती. आदल्या संध्याकाळी चहाचं पाणी ठेवता ठेवता तो म्हणाला, "उद्या थोडं मनावर घे."

"म्हणजे?"

"म्हणजे परागचा विचार कर. ऋजूचा चेहरा डोळ्यांसमोर आण. पायऱ्या पळत चढून जा पाहिजे तर. तीस-पस्तीस आकडा आला तरी खूप होईल."

"नाटक करू?"

"नाटक नाही. आत असेल ते बाहेर येऊ दे, एवढंच म्हणतोय." तो तिच्याकडे न बघता म्हणाला. मग हळूच, "आत आहे ना काही?"

गेले सहा दिवस हेमांगी तोच प्रश्न स्वतःला विचारत होती. जेवताना चव लागत नव्हती. माणसं बोलत ती काचेपलीकडून बोलल्यासारखी ऐकू येत. आंघोळ करताना पाणी कडकडीत आहे हे तिला कातडी लाल झाल्यावर कळलं. परागबद्दल तिला मनातून राग होता का? एकदा त्याने तिच्या ड्यूटीबद्दल वर तक्रार केली होती, तीन वर्षांपूर्वी. ती विसरली होती असं तिला वाटत होतं. आता वाटायला लागलं, विसरले नसेन तर? सगळं गाव उगाच म्हणत नसेल तर?

दुसरी मोजणी तालुक्याच्या रुग्णालयात झाली. ती पायऱ्या पळत चढली नाही. आकडा नऊ आला.

तिथे मनोविकारतज्ज्ञ डॉक्टर यास्मिन काझी बसत. पन्नाशीच्या, चष्मा डोक्यावर सरकवलेल्या. त्यांनी आकडा पाहिला आणि कागद उलटा करून ठेवला.

"झोप लागते?"

"लागते. मेल्यासारखी."

"आपण बाहेरून स्वतःकडे बघतोय, असं वाटतं कधी?"

हेमांगीने मान वर केली. हे तिला आजवर कोणी विचारलं नव्हतं. "सारखंच. माझे हात काम करतात ते दुसऱ्या कुणाचे वाटतात."

डॉक्टर काझींनी तिच्या डाव्या मनगटाकडे बोट दाखवलं. तिथे उन्हाने न रापलेला पांढरा पट्टा उमटला होता. "हा कशाचा?"

"कंपनीचा थकवा मोजायचा पट्टा. बोटीवर सगळ्यांना असतो. ड्यूटीवर झोप येतेय का ते कळायला. आता काढून घेतला."

"म्हणजे तो आगीच्या वेळी हातावर होता," डॉक्टर म्हणाल्या. "त्याची मूळ नोंद कामगार आरोग्य केंद्राकडे जमा होते. कंपनीकडे नाही. तुमची सही असेल तर मी मागवू शकते."

नोंद दोन दिवसांनी आली. डॉक्टर काझींनी पडद्यावर तिच्या ठोक्यांची निळी रेघ दाखवली. बराच वेळ ती संथ लहरत होती.

"धोका जाणवला की मेंदू दोन गोष्टी करू शकतो," त्या म्हणाल्या. "एक म्हणजे अ‍ॅक्सिलरेटर दाबतो. ठोके वाढतात, घाम सुटतो, माणूस पळतो, ओरडतो, रडतो. जेटीवरची बहुतेक माणसं तशी होती. पण कधी धक्का इतका मोठा असतो, किंवा त्यातून सुटायला वाटच नसते, की मेंदू उलटा ब्रेक दाबतो. ठोके खाली येतात. दुखणं कळत नाही, आवाज लांबून येतात, वेळ ताणला जातो. माणूस यंत्रासारखं काम करत राहतो. त्या वेळचं नीट लक्षातही राहत नाही, कारण आठवण साठवणारा भागच तेवढा वेळ धड काम करत नसतो. हाही आघातच आहे. कधी कधी जास्त खोल."

"मग सात का आला?"

"कारण ज्यांच्यावरून त्या यंत्राला शिकवलं, ती सगळी थरथरणारी माणसं होती. गप्प बसलेल्यांना मोजायला कोणी गेलंच नाही. जिथे थरथर नाही तिथे आघात नाही, असं ते समजतं."

मग त्यांनी रेघेवर एकेक जागा दाखवली. भोंग्याच्या आधीची दहा मिनिटं रेघ शांत होती. आग लागणार हे जिला ठाऊक असतं, तिची रेघ वाट बघताना हळूहळू चढत गेली असती. हिची भोंगा वाजल्यावरच उसळली होती, एकशे बावीसपर्यंत. ती पायऱ्या उतरतानाही तशीच होती. आणि मग एका क्षणी रेघ कड्यावरून पडल्यासारखी शेहेचाळीसवर आली.

"इथे तुम्ही दारात पोचलात," डॉक्टर म्हणाल्या. "इथे तुम्हाला काहीतरी दिसलं किंवा ऐकू आलं."

"आणि दार कधी लागलं?"

"बोटीच्या नोंदीशी ताडून बघितलं मी. दार त्यानंतर एकोणीस सेकंदांनी लागलं. तेवढा वेळ तुमचा हात हललेला नाही. दाराच्या मुठीवर असणार, पण हलला नाही."

हेमांगी त्या सपाट तुकड्याकडे बघत राहिली. म्हणजे पराग आत आहे हे तिला कळलं होतं. कळल्यावर ती थांबली होती. आणि मग तिने दार लावलं होतं.

"हे पोलिसांना दिलं तर कटाचा संशय संपेल," डॉक्टर म्हणाल्या. "पण अर्धीच नोंद देता येणार नाही. दिली तर पूर्ण. त्यात हे एकोणीस सेकंदही जातील. कोणी म्हणेल, माणूस आत असताना लावलं. कोणी म्हणेल, नियमाप्रमाणे लगेच का नाही लावलं, तेवढ्यात धूर वर गेला. नोंद तुमची आहे. मी कोणाला देणार नाही."

घरी तिने निशिकांतला सगळं सांगितलं. त्याने कागदावर वेळा लिहून काढल्या, वजाबाक्या केल्या, पुन्हा पडताळल्या. एकोणीसच आले.

"मी आत असतो तर?" त्याने विचारलं.

तिला खोटं सांगता आलं असतं. "मागे डेकवर तेवढीच माणसं असती तर," ती म्हणाली, "लावलं असतं बहुतेक."

निशिकांतने कागदाची घडी केली. मग उठून दोघांची पानं घेतली. तिच्या पानात आमटी नेहमीसारखी त्यानेच वाढली.

त्याच आठवड्यात तिला आठवलं. कपडे वाळत घालताना एकदम दार दिसलं, दारापलीकडे धूर, धुरात परागचा चेहरा. तो हात वर करून म्हणत होता, ताई, दार लाव, ऋजूला सांभाळ. हेमांगी तशीच खाली बसली. क्षणभर छाती मोकळी झाली. आणि लगेच तिला संशय आला. इतकं नेमकं आठवावं? जे ऐकायची तिला सगळ्यांत जास्त गरज होती, तेच?

तरी ती तुरवड्याला गेली. नोंदीचा कागद ऋजुतासमोर ठेवला आणि डॉक्टरांनी सांगितलं ते सगळं सांगितलं, एकही गोष्ट न गाळता. पोलिसांकडे अजून दिलेलं नाही, आधी तुला दाखवायचं होतं, असंही सांगितलं. मग आठवलं ते सांगितलं.

ऋजुताने कागद वाचला. बोटाने त्या सपाट तुकड्यावरून रेघ ओढली.

"हे शेवटचं, 'दार लाव' म्हणाला ते," तिने विचारलं, "तुला आठवलं, की तू ठरवलंस?"

"खरं सांगू? मला सांगता येत नाही."

"मी सांगते. तो असं बोललाच नसता. साधं इंजेक्शन घ्यायचं तर माझा हात धरून बसायचा. मरायला घाबरायचा तो, ताई. सगळे घाबरतात. दार लाव आणि बायकोला सांभाळ, असं कोणी बोलत नाही. सिनेमात बोलतात."

हेमांगीने मान डोलावली. ऐकताना वाईट वाटलं, आणि कसं कोण जाणे, बरंही वाटलं. हिला फसवता येणार नव्हतं.

"त्याला सोडून तू दार लावलंस," ऋजुता म्हणाली. "हे मला गिळता येत नाहीये. पण माहीत नव्हतं असं तू म्हणाली असतीस ना, तर तुला परत घरात घेतलं नसतं." तिने कागद परत केला. "पोलिसांकडे दे. पूर्ण दे. आणि खरंच काही आठवलं तर आधी मला सांग. चांगलं असो नाहीतर वाईट."

"आठवलं ते खरं आहे, हे कसं कळणार? डॉक्टर म्हणतात, मशीनला नाही कळत."

"मला कळेल. मी सहा वर्षं त्याच्याबरोबर राहिले आहे."

गोडांबेंनी नोंद घेतली, डॉक्टर काझींचा जबाब घेतला, दोनदा वाचला. "आधी मला वाटलं होतं तसं नाही हे," ते म्हणाले, आणि एवढंच. माफी वगैरे त्यांच्या स्वभावात नव्हती. पण त्याच दुपारी कंपनीच्या गोदामावर छापा पडला आणि बॅटऱ्यांची कपाटं सील झाली. तपास तिकडे वळला. जलवाहतूक खात्याच्या चौकशीत हेमांगीला एकोणीस सेकंदांचा जाब द्यावा लागला. दार लगेच लावायला हवं होतं, हे तिने मान्य केलं. त्या म्हाताऱ्या जोडप्याचा मुलगा समोर बसला होता, त्याच्याकडे बघून मान्य केलं. सहा महिन्यांसाठी तिचा परवाना गेला. आघातांकाच्या वापराबद्दल अहवालात एक परिच्छेद आला, आकडा एकटा पुरावा धरू नये म्हणून. तो किती जणांनी वाचला कोण जाणे.

आठवण आली ती दीड महिन्याने, पिठाच्या गिरणीत. चक्की घरघरत होती, हवेत पांढरी धूळ होती आणि हेमांगी डबा घेऊन दारात उभी होती. तिने आत हाक मारली, आणि एकदम ती पुन्हा बोटीवरच्या लोखंडी दाराच्या चौकटीत उभी होती. या खेपेला चेहरा दिसला नाही. धुरात परागची फक्त पाठ होती, वाकलेली, आणि पान्ह्याचा आवाज. आणि त्याचा आवाज, थोडा वैतागलेला.

डबा तिथेच ठेवून ती बसमध्ये चढली.

तुरवड्याच्या पोस्टात दुपारची सुट्टी झाली होती. ऋजुता आतल्या बाकावर डबा उघडून बसली होती. हेमांगी समोर बसली.

"आठवलं," ती म्हणाली. "पण गिरणीत उभी असताना आठवलं. गिरणीवाला पण आतून काहीतरी ओरडत होता. त्याचंच मी याला चिकटवलं असेल."

"काय म्हणाला ते सांग."

"माझ्याकडे बघितलंच नाही त्याने. वाकून काहीतरी सोडवत होता. मी हाक मारली, तर तसाच वाकलेला म्हणाला, 'ताई, दार धर. आलोच.'"

ऋजुताच्या हातातला घास तसाच राहिला.

"पुन्हा सांग. कसा म्हणाला?"

"'आलोच.' जरा चिडून. मधे बोललेलं आवडलं नाही, तसा."

"मग?"

"मग मी दार धरून उभी राहिले. तो येईना. मागून लोकांचा खोकण्याचा आवाज यायला लागला. मी परत हाक मारली, तेव्हा काहीच बोलला नाही. मग लावलं."

बाहेर कोणीतरी खिडकीवर टकटक केली, सुट्टी आहे हे वाचलं आणि निघून गेलं. ऋजुता डब्याकडे बघत होती.

"म्हणजे आपण बाहेर येणार, असंच वाटत होतं त्याला," ती म्हणाली.

"हो. कामात होता."

"घाबरला नव्हता."

"नाही, ऋजू. घाबरला नव्हता."

ऋजुताने हातातला घास डब्यात परत ठेवला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, तिने ते पुसलं नाही. "हा तोच," ती म्हणाली. "रोज रात्री पानं घेतली की मी हाक मारायचे. रोज म्हणायचा, आलोच. आणि ते मोटारीचं नाहीतर पंख्याचं काहीतरी उघडून बसलेला असायचा, अर्धा अर्धा तास." तिने नाक ओढलं. "तू एकोणीस सेकंद थांबलीस, ताई. मी तेवढी पण कधी थांबले नाही. मी सरळ जेवायला लागायचे."

मग तिने डब्यातली पोळी मोडली आणि अर्धी हेमांगीच्या हातात दिली.